सिग्नलला तुम्ही दिसता का?

पीएमपीत उभ्याने हे ऐकत असाल, तर एक हात दांड्यावर असू द्या. आणि गाडी चालवत असाल, तर आधी पोहोचा, मग ऐका. भाग कुठे पळून जात नाही, आणि त्याचा मजकूर इथे लिहूनही ठेवला आहेच.

आजचा विषय आहे रस्त्यावरचं नवीन तंत्रज्ञान. हा विषय निघाला की बहुतेक व्हिडिओ उडणाऱ्या टॅक्सीपासून सुरू होतात. मी एका आकड्यापासून सुरू करते. ३३ मिनिटं आणि २२ सेकंद.

टॉमटॉम नावाची नेदरलँड्समधली कंपनी दरवर्षी जगभरातल्या शहरांच्या वाहतुकीचा अहवाल काढते. २०२४ सालच्या अहवालात पुण्यात १० किलोमीटर जायला सरासरी इतका वेळ लागतो असं आलं, आणि पुणं जगातलं चौथं सर्वांत संथ शहर ठरलं. बातमी आल्यावर आपले सगळे ग्रुप पेटले. मीम आले, "आम्हाला नको सांगू" आलं, मुंबईकरांचे टोमणे आले. पण एक प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. ही ३३ मिनिटं नक्की कोणाची?

हा आकडा गाड्यांमधल्या नेव्हिगेशनमधून आणि फोनमधून येणाऱ्या माहितीवर बनतो. म्हणजे ही ३३ मिनिटं गाडीत बसलेल्या माणसाची आहेत. स्वारगेटला बसची वाट बघत उभा असलेला माणूस त्यात नाही. कर्वे रस्ता ओलांडायला चार वेळा पाऊल पुढे टाकून मागे घेणारी बाई त्यात नाही. आकडा खोटा नाही. तो फक्त एका खिडकीतून पाहिलेला आहे.

आज मला एवढंच सांगायचंय. रस्त्यावर येणारं प्रत्येक नवीन यंत्र आधी काहीतरी मोजतं, आणि मग निर्णय घेतं. ज्याला ते मोजतं, त्याच्यासाठी ते काम करतं. ज्याला मोजत नाही, तो त्याच्यासाठी रस्त्यावर नसतोच. म्हणून उद्याचा रस्ता कसा असेल हे बघायचं असेल, तर यंत्र किती हुशार आहे हे नंतर विचारा. आधी विचारा, ते कोणाला मोजतं?

चला, आपल्याच खिशापासून सुरुवात करू.

खिशातला सेन्सर

मॅपवर रस्ता लाल दिसतो तेव्हा तिथे कोणी कॅमेरा लावून बसलेलं नसतं. त्या रस्त्यावरचे फोन किती हळू सरकतायत, यावरून तो रंग ठरतो. म्हणजे तुम्ही मॅप बघताही आणि मॅप बनवताही.

२०२० साली बर्लिनमध्ये एका कलाकाराने याची मस्त गंमत केली. एका हातगाडीत ९९ फोन ठेवले, सगळ्यांवर मॅप चालू केला आणि रिकाम्या रस्त्यावरून ती गाडी ओढत निघाला. मॅपवर तो रस्ता लाल झाला. रस्त्यावर गाड्या नव्हत्या, फोन होते. मॅपच्या दृष्टीने ९९ वाहनं रखडली होती.

आता ही गोष्ट उलटी करा. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही तो माणूस त्या मॅपवर नाही. गर्दी नाही, अडथळा नाही, काहीच नाही.

पण याची दुसरी बाजूही आहे, आणि ती आशेची आहे. २०१७ च्या डिसेंबरमध्ये गूगल मॅप्सने दुचाकीसाठी वेगळा पर्याय आणला, तो जगात सगळ्यात आधी भारतात. तोपर्यंत मॅप आपल्याला कारचे रस्ते आणि कारचा वेळ सांगायचा. पुण्यात तर घरटी दुचाकी. सदाशिव पेठेतल्या ज्या बोळातून स्कूटर सहज निघते, तिथे कार शिरली तर अख्खी गल्ली बाहेर येऊन सल्ले देते. कोणीतरी ठरवलं की दुचाकी वेगळी मोजायची, आणि त्याच मॅपने वेगळं उत्तर दिलं. मोजणी बदलली की उत्तर बदलतं.

चौकातलं गणित

आता रस्त्यावर उतरू. पूर्वी सिग्नलला ठरलेला वेळ असायचा. इकडे ६० सेकंद, तिकडे ४०, रात्री दोन वाजता रिकाम्या चौकातसुद्धा तेवढेच. गर्दी झाली की हवालदार पेटीचं दार उघडून बटण हातात घ्यायचे. खरं सांगायचं तर तो हवालदार हाच आपला पहिला हुशार सिग्नल. तो डोळ्यांनी बघायचा आणि ठरवायचा.

गेल्या काही वर्षांत पुणे स्मार्ट सिटीने शहरातल्या सव्वाशेच्या आसपास चौकांत नवी यंत्रणा बसवली. तिला अ‍ॅडाप्टिव्ह म्हणतात, म्हणजे परिस्थिती बघून स्वतःला बदलणारी. अशी यंत्रणा साधारण कशी चालते? कॅमेरा किंवा सेन्सर बघतो की कोणत्या बाजूला किती गाड्या आहेत, रांग किती लांब आहे, हिरव्या दिव्यात गाड्या सलग सुटतायत की मध्ये फट पडतेय. फट पडायला लागली की संगणक म्हणतो, इथलं काम झालं, आता पुढच्या बाजूला हिरवा द्या. शेजारचे चौक एकमेकांशी जोडले की एका चौकातून सुटलेला लोंढा पुढच्या चौकात पोहोचेपर्यंत तिथेही हिरवा करता येतो. कल्पना जुनी आहे. ब्रिटन आणि सिडनीमध्ये १९७० च्या दशकातच यावर काम झालं. आपल्याकडे सी-डॅकने भारतीय रस्त्यांसाठी अशी यंत्रणा तयार केली.

इथपर्यंत सगळं छान. आता आपला प्रश्न विचारू. सिग्नल कोणाला मोजतो?

आपल्याकडे रस्त्यांची मानकं इंडियन रोड्स काँग्रेस ठरवते. शहरातले रस्ते आखताना इंजिनिअर एक एकक वापरतात, पीसीयू. म्हणजे एक वाहन किती कारइतकी जागा खातं. कार म्हणजे १. दुचाकींचं प्रमाण जास्त असेल तिथे एक दुचाकी पाऊण, म्हणजे ०.७५. बस २.२ पासून ३.७ पर्यंत. रस्त्यावर किती वाहनं मावतील हे काढायला हे एकक अगदी बरोबर आहे. रस्ता किती रुंद हवा, हे त्यातून कळतं. त्यात काही कट नाही.

घोळ होतो तो जागेचं एकक न्यायाचं एकक बनतं तेव्हा. एक उदाहरण करून बघू. आकडे मी सोयीसाठी घेतेय, तुम्ही तुमच्या चौकाचे घ्या.

एका बाजूने ३० कार आल्या. दर दोन कारमध्ये तीन माणसं धरू. माणसं झाली ४५. पीसीयू झाले ३०.

दुसऱ्या बाजूने पीएमपीच्या २ बस आल्या, प्रत्येकीत ५० माणसं. सोबत १० दुचाक्या, त्यावर १२ माणसं. माणसं झाली ११२. आणि पीसीयू? बसचे ३.७ धरले तरी ७.४, दुचाक्यांचे ७.५. मिळून १५ सुद्धा नाहीत.

म्हणजे पीसीयूच्या हिशोबात पहिल्या बाजूला दुप्पट गर्दी आहे. माणसांच्या हिशोबात दुसऱ्या बाजूला जवळजवळ अडीच पट. पीसीयूवर वेळ वाटणारा सिग्नल पहिल्या बाजूला जास्त हिरवा देईल, आणि त्याच्या मते त्याने एकदम शास्त्रशुद्ध काम केलं. हवालदार निदान भरलेली बस बघून म्हणायचा, "ए, सोड रे तिला आधी."

बसला सगळं माहीत आहे

तुम्ही म्हणाल, पण सिग्नलला कसं कळणार की बसमध्ये किती माणसं आहेत आणि ती कुठपर्यंत आली आहे? तर गंमत बघा. बस कुठे आहे हे कळायचं तंत्रज्ञान आपल्याकडे आधीच आहे, आणि त्याच्या मानकाचा उगम पुण्यातच आहे.

वेताळ टेकडीवर एआरएआय आहे, म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया. १९६६ पासूनची संस्था. टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांना तिचं गेट माहीत असतं, आत काय चालतं ते नसतं. देशातल्या वाहनांची तांत्रिक मानकं तयार करण्याच्या कामात तिचा मोठा वाटा आहे. त्यातलं एक मानक म्हणजे एआयएस-१४०. त्यानुसार जानेवारी २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत जागा सांगणारं यंत्र आणि संकटात दाबायचं बटण असावं असा नियम झाला. 'आपली पीएमपीएमएल' अ‍ॅपवर बस सरकताना दिसते ती अशाच यंत्रामुळे.

पीएमपीकडे तर नवं तंत्रज्ञान बऱ्यापैकी लवकर आलं. नाव २००७ पासून बदललं असलं, तरी घराघरांत ती अजून पीएमटीच आहे, ते सोडा. फेब्रुवारी २०१९ मध्ये तिच्या ताफ्यात इलेक्ट्रिक बस आल्या, देशातल्या बऱ्याच शहरांच्या आधी. मला त्या मनापासून आवडतात. थंड, धूर नाही, इंजिनाचा थरथराट नाही. पण चौकात अडकलेली इलेक्ट्रिक बस ही अडकलेलीच बस असते. तेच स्कूटरचं. आकुर्डीच्या बजाजची चेतक २०२० मध्ये बॅटरीवर परत आली, आता चौकाचौकात बॅटरीच्या स्कूटर दिसतात. धूर कमी झाला, ही मोठी गोष्ट आहे. रांग मात्र तेवढीच राहिली. बॅटरीने इंजिन बदललं, मोजणी नाही बदलली.

मग मोजणी बदलली तर काय होतं? स्वित्झर्लंडमधलं झ्युरिक बघा. तिथे ट्राम आणि बस चौकाजवळ आल्या की सिग्नलला खबर जाते आणि त्यांना आधी वाट मिळते. यात दोन साध्या युक्त्या आहेत. हिरवा संपत आला असेल तर तो काही सेकंद लांबवायचा. लाल असेल तर तो लवकर आवरायचा. बस गेली की पुढच्या फेरीत बाकीच्यांचे सेकंद परत करायचे.

आणि प्रत्येक बसला प्राधान्य द्यायचीही गरज नाही. रिकामी आणि वेळेवर असलेली बस थांबली तरी चालेल. उशीर झालेली आणि भरलेली बस पुढे सोडायची. तिकिटाचं मशीन, जागा सांगणारं यंत्र आणि सिग्नलचा संगणक या तिघांची एकमेकांशी ओळख करून दिली की हे जमतं. नवा शोध लावायचा नाहीये.

फक्त एक अट आहे, आणि ती पुणेकरांना नीट माहीत असायला हवी. बस सिग्नलपर्यंत पोहोचली तर सिग्नल तिला मदत करणार ना! दोनशे मीटर मागे कारच्या रांगेत उभ्या असलेल्या बसला हिरव्या दिव्याचा काय उपयोग? त्यासाठी निदान चौकाआधी तिला स्वतःची मार्गिका लागते. आपण डिसेंबर २००६ मध्ये कात्रज, स्वारगेट, हडपसर असा बीआरटीचा प्रयोग केला. देशात अगदी सुरुवातीच्यांपैकी एक. मग ऑगस्ट २०१५ मध्ये संगमवाडी ते विश्रांतवाडी रेनबो बीआरटी आली. पुढे २०१६ मध्ये सुरू झालेल्या नगर रस्त्यावरच्या मार्गिका काही वर्षांतच उखडल्या गेल्या. कारण सांगितलं गेलं वाहतूक कोंडीचं. पुन्हा तोच प्रश्न, कोणाच्या कोंडीचं?

सायकलचंही असंच झालं. २०१७ च्या डिसेंबरमध्ये विद्यापीठात आणि औंधमध्ये अ‍ॅपवरच्या भाड्याच्या सायकली आल्या. फोनने स्कॅन करायचं, कुलूप उघडायचं, निघायचं. अ‍ॅप झकास होतं. पण सायकलला सलग, सुरक्षित रस्ता मिळाला नाही, आणि दोनेक वर्षांत त्या सायकली दिसेनाशा झाल्या. फोनने कुलूप उघडलं, रस्ता काही उघडला नाही.

आजीचे साडेबारा सेकंद

आता ज्याला कुठलंच पीसीयू नाही त्याच्याकडे येऊ. पायी चालणारा.

झेब्रा क्रॉसिंगवरचा हिरवा माणूस किती वेळ दिसावा, हे काढायला आपल्याकडे चालण्याचा वेग साधारण सेकंदाला १.२ मीटर धरतात. ३० मीटर रुंद रस्ता घ्या. ३० भागिले १.२, म्हणजे २५ सेकंद. तुम्ही-आम्ही फोनमध्ये बघत बघतही तेवढ्यात पलीकडे जाऊ. जाऊ नका, पण जाऊ शकतो.

माझी आजी ७८ वर्षांची आहे. गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. ती रोज सकाळी फुलं आणायला रस्त्यापलीकडे जाते, आणि आम्ही कितीही सांगितलं तरी फुलं तिलाच आणायची असतात. तिचा वेग सेकंदाला ०.८ मीटर धरला, तर तिला ३७ ते ३८ सेकंद लागतात. २५ सेकंदांनी हिरवा माणूस लाल होतो तेव्हा ती दोन तृतीयांश रस्त्यात असते. पुढचे साडेबारा सेकंद तिचा भरवसा फक्त समोरच्या दुचाकीवाल्याच्या ब्रेकवर असतो. ती हात वर करते आणि चालत राहते. तुम्हीही पाहिला असेल तो हात. पुण्यात प्रत्येक म्हातारं माणूस रस्ता ओलांडताना हा हात वर करतं. आपल्या शहरातला सगळ्यात जास्त वापरला जाणारा सिग्नल बहुतेक तोच आहे.

सिंगापूरने यावर २००९ पासून एक उपाय सुरू केला. ज्येष्ठ नागरिकांनी आपलं सवलतीचं कार्ड खांबावरच्या यंत्राला टेकवायचं, की हिरवा माणूस काही सेकंद जास्त थांबतो. रस्ता जितका रुंद, तितके जादा सेकंद. बाकीच्यांसाठी वेळ तोच. एक कार्ड, एक यंत्र, आणि रस्त्यात मध्येच लाल होणारा दिवा थांबला.

पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन होतो. त्या दिवशी गाड्या बंद आणि रस्ता माणसांचा. एकदा नक्की जा, रस्त्याच्या मधोमध उभं राहून वर बघा, जुने वाडे पहिल्यांदाच दिसतील. पण वर्षातले उरलेले ३६४ दिवस चौकातल्या यंत्राने ठरवायचे असतात. आणि त्या यंत्राला आजी दिसली तरच ते ठरवणार.

गाडीच्या डोळ्यांना काय दिसतं

आता थोडं पुढच्या काळात जाऊ. नव्या कारमध्ये एडास असतं. समोर काही आलं की गाडी बीप करते, कधी स्वतःच ब्रेक लावते. त्याची पुढची पायरी म्हणजे स्वतः चालणारी गाडी. या सगळ्यांना रस्ता बघायला शिकवावं लागतं. हजारो फोटो दाखवायचे आणि प्रत्येकात सांगायचं, ही कार, हा माणूस, हा फूटपाथ.

२०१६ मध्ये सिटीस्केप्स नावाचा एक मोठा फोटोसंच आला, मुख्यतः जर्मनीतल्या शहरांचा. जगभर संशोधकांनी तो वापरला. त्यात कार आहे, ट्राम आहे, सायकल आहे. रिक्षा हा प्रकारच नाही. जर्मनीत रिक्षा नाही, तर असणार कुठून? त्यावर शिकलेलं यंत्र मंडईसमोर आणलं, तर तीन चाकांचं हे काय धावतंय, असं त्याला वाटणारच. २०१८ मध्ये हैदराबादच्या आयआयआयटीने भारतीय रस्त्यांचा संच काढला. हैदराबाद आणि बेंगळुरूचे १० हजार फोटो. त्यात रिक्षा वेगळी, जनावरं वेगळी, आणि डांबर संपल्यावरची जी मातीची पट्टी आपण बिनधास्त रस्ता म्हणून वापरतो, तिलाही वेगळं नाव. हे काम करणाऱ्यांना माझा सलाम. त्यांनी आपला रस्ता जसा आहे तसा मोजला.

हे किती गंभीर आहे, ते एका घटनेवरून कळतं. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यातल्या टेंपी शहरात चाचणीवर असलेल्या स्वयंचलित गाडीने एका महिलेला धडक दिली आणि ती गेली. रात्रीची वेळ होती, ती हातात सायकल धरून रस्ता ओलांडत होती. गाडीत देखरेखीला माणूस होता, त्याचं लक्ष रस्त्यावर नव्हतं. पण तिथल्या सरकारी तपासात आणखी एक गोष्ट पुढे आली. यंत्राला ती धडकेच्या ५.६ सेकंद आधी दिसली होती. यंत्र तिला आधी वाहन म्हणालं, मग काहीतरी वस्तू, मग सायकल. पादचारी म्हणालंच नाही. कारण झेब्रा क्रॉसिंग नसलेल्या जागी माणूस रस्ता ओलांडू शकतो, हा विचारच त्या यंत्रणेत केलेला नव्हता.

आता पुण्यातला कुठलाही रस्ता डोळ्यांसमोर आणा. झेब्रा क्रॉसिंग पुसलेलं, दुभाजकाला माणूस मावेल एवढी फट, आणि त्या फटीतून भाजीची पिशवी घेऊन येणारे काका. हे काका ज्या यंत्राच्या यादीत नाहीत, ते यंत्र पुण्याच्या रस्त्यावर आलेलं मला चालणार नाही. मग ते कितीही भारी असो.

मोजायचं ठरवलं की

तुम्हाला वाटेल, ही बाई सगळ्यालाच नावं ठेवतेय. नाही. मोजायचं ठरवलं की काय होतं, याचं उदाहरण आपल्या दाराशीच आहे, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग.

२०१६ साली त्या मार्गावर १५१ माणसं मेली. त्याच वर्षी सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था, राज्य रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलिस यांनी ते मृत्यू शून्यावर आणायचा प्रकल्प हाती घेतला. सुरुवात कशाने केली? मोजणीने. कुठे मेली, कशाला धडकून मेली, मदत किती वेळाने पोहोचली. मग रस्त्याकडेच्या टणक गोष्टींसमोर कठडे आले, थांबलेल्या गाड्यांवर लक्ष आलं, रुग्णवाहिकांची व्यवस्था सुधारली. मृत्यू शून्य झाले नाहीत, पुढे आकडा वर-खालीही झाला, पण १५१ पेक्षा तो बराच खाली आला.

मग २०२४ मध्ये तिथे कॅमेऱ्यांची नवी यंत्रणा सुरू झाली. त्यातला एक भाग सरासरी वेग मोजतो. गणित सोपं आहे. दोन कमानींमध्ये समजा १० किलोमीटर अंतर आहे आणि मर्यादा ताशी १००. तुमचा नंबर पहिल्या कमानीखाली टिपला, दुसरीखाली टिपला. मधला वेळ सहा मिनिटांपेक्षा कमी आला, की चलन. कॅमेरा दिसला की ब्रेक आणि पुढे गेला की धूम, ही जुनी हुशारी इथे चालत नाही.

मला यातलं एक खटकतं. आपण दंडासाठी नंबर प्लेट सेकंदाच्या हिशोबाने टिपू शकतो. मग बसमधली ५० माणसं आणि क्रॉसिंगवरची एक आजी टिपायला अडचण तंत्रज्ञानाची नाहीये. ती काय महत्त्वाचं मानायचं, याची आहे.

तुम्ही काय करू शकता

आता कामाचं बोलू. नुसतं ऐकून सोडायचं नाही.

पहिलं, मोजा. दोन मित्र घ्या, तुमच्या रोजच्या चौकात संध्याकाळी १५ मिनिटं फूटपाथवर सुरक्षित जागी उभे राहा. एकाने वाहनं मोजायची, दुसऱ्याने माणसं. बस, कार, दुचाकी आणि पायी असे चार रकाने. सोबत फोनवर हिरव्या माणसाचे सेकंद मोजा आणि रस्त्याची रुंदी पावलांनी काढा. एवढ्यात तुमच्या हातात तुमच्या चौकाचं असं काही येईल, जे कुठल्याच अ‍ॅपवर नाही.

दुसरं, विचारा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. प्रश्न तीनच ठेवा. आमच्या चौकातला सिग्नल वेळ कशावरून ठरवतो? त्याला बस ओळखता येते का आणि ती सोय चालू आहे का? पादचाऱ्यांचा वेळ कोणता वेग धरून ठरवला?

तिसरं, मागा. पुणे महापालिका २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांच्या सूचना घेते. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देता येतो. बरेच जण बाक आणि पेव्हर ब्लॉक मागतात. तुम्ही तुमच्या मोजणीचा कागद जोडून क्रॉसिंगवरचे जादा सेकंद मागा. नगरसेवकांना भेटायला जाल, तेव्हाही तो कागद सोबत न्या. "ट्रॅफिक खूप आहे हो" याला कोणीही हो म्हणतं आणि चहा पाजून परत पाठवतं. "या चौकात संध्याकाळी पायी चालणारे इतके आणि त्यांना सेकंद एवढेच" यावर मात्र काहीतरी उत्तर द्यावं लागतं.

येत्या दहा वर्षांत आपल्या चौकांत आणखी कॅमेरे येतील, गाड्या आणखी हुशार होतील, बस एकमेकींशी बोलतील. ते येणारच आहे. त्यांच्या मोजणीच्या यादीत कोणाकोणाची नावं असतील, हे मात्र अजून पक्कं झालेलं नाही. ती यादी आत्ता लिहिली जातेय, टेंडरमध्ये, मानकांमध्ये, कुठल्यातरी ऑफिसातल्या एक्सेल शीटमध्ये. आपण विचारलं तर त्यात आणखी नावं जाऊ शकतात.

तर या आठवड्यात तुमचा चौक मोजा आणि आकडे मला पाठवा. चौकाचं नाव, वेळ, चार रकाने, हिरव्या माणसाचे सेकंद. पुरेसे आले, तर पुढचा एक भाग तुमच्याच आकड्यांवर करू.

तोपर्यंत सांभाळून जा. हेल्मेट घाला, त्यावर वाद नंतर घालू. आणि क्रॉसिंगवर कोणी हात वर करून चालत असेल, तर थांबा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार!